झाकण

प्रवचन ऐन रंगात आलं असताना मार्लिसने मांडीवरच्या प्रार्थनेच्या पुस्तकाखाली अंगठा आणि तर्जनी जुळवली आणि हवेतच एक बटण फिरवून पाहिलं. बोटांना काही आठवेना.

गाजरं सोलली, कांदे चिरले, सूपचं पाकीट फोडलं, इथवर सगळं लख्ख होतं. पण मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याचं, स्लो कुकरचं बटण?

चर्चला आलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी या घडीला स्लो कुकरमध्ये रविवारचं पॉट रोस्ट, म्हणजे भाज्यांसकट मांसाचा अख्खा तुकडा, शिजत होतं. या भांड्याने पाद्रीबुवांची चंगळच केली होती. मांस करपायचं नाही म्हटल्यावर प्रवचनाला अंत कशाला हवा? एरवी मार्लिस हे शेजारणीच्या कानात बोलली असती. आज तिचं लक्ष पुढे होतं. पुढच्या बाकावर तिचा मुलगा कर्ट ताठ बसला होता. हिवाळ्यात तिच्या हातून शेगडीवर टोप जळला, तेव्हा तो ओरडला नव्हता. शांतपणे म्हणाला होता, "आई, पुन्हा असं झालं तर तुला घरी ठेवता येणार नाही." गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात पडदेसुद्धा सगळ्या खोल्यांना एकाच रंगाचे होते.

घराचं दार उघडलं आणि कांद्याचा खमंग वास आला.  बटण फिरवलं होतं तर.

कर्ट थेट ओट्याशी गेला.

"झाकणाला हात लावशील तर याद राख. वाफ गेली की जेवण लांबलं."

"पन्नाशी आली माझी, आई."

"मग अक्कल कधी येणार? जा, बायकोला ताटं मांडू लाग."

तो हसत गेला. मार्लिसने झाकण उचललं. बटाटे होते, गाजरं होती, रस्सा संथ बुडबुडत होता. तिने डाव घालून तळ ढवळला. पुन्हा ढवळला. मग फ्रीज उघडला. मांसाचा तुकडा खालच्या कप्प्यात होता, दुकानातून आला तसाच, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला.

फ्रीजचं दार तिच्याने लोटवेना. मागे कुणीतरी उभं होतं.

"चल," तिचा नवरा वेन्डल हळूच म्हणाला. त्याने फ्रीज लावला, तिचं कोपर धरलं आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने तिला गॅरेजमध्ये नेलं. रंगाच्या डब्यांमागे लग्नात मिळालेला जुना हिरवा स्लो कुकर चालू होता. काचेचं झाकण वाफेने पांढरं झालं होतं.

"हे काय?"

"मांस. तू झाकण धर."

त्याने दोन काट्यांनी मऊ झालेला तुकडा ताटलीत घेतला. अख्ख्या संसारात या माणसाने साधं अंडं उकडलं नव्हतं.

"दर रविवारी?"

"तुझं जमलं की हे ओटिसच्या पोटात."

ओटिस म्हणजे त्यांचा कुत्रा. वसंतात जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या वजनावरून कानउघाडणी केली होती, आणि मार्लिसने घरी येऊन वेन्डलला फैलावर घेतलं होतं.

"कर्टला सांगितलंस?"

वेन्डलने नकारार्थी मान हलवली. "गाजरं तुझीच आहेत," तो म्हणाला आणि ताटली घेऊन आत गेला.

 जेवताना कर्टने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"आई, तुझा हात काही बदलला नाही. ईस्टरच्या रविवारी केलं होतंस ना, अगदी तसंच."

वेन्डल बटाटा कुस्करत राहिला. मार्लिसने टेबलाखाली पाहिलं. ओटिस आशेने तिच्याचकडे बघत होता. ईस्टरच्या रात्री तो पोट फुगवून झोपला होता, की रिकामी थाळी चाटत बसला होता, हे ती आठवू लागली.