दस्त्याचा बाक

"बंदूक अजून उजवीकडेच जातेय. तुझ्या हातात आता दम राहिला नाही, छिन्नी."

मोठा भाऊ दुकानातल्या एकुलत्या खुर्चीत बसून बोलत होता. धाकट्याला घरात लहानपणापासून छिन्नी म्हणत, आणि पुढे तो बंदुकांचे खांद्याला टेकणारे लाकडी दस्ते घडवायला लागल्यावर ते नाव कायमचंच चिकटलं. शिकंज्यात भावाचीच दुनळी बंदूक होती. भिंतीवर कुणा शिकाऱ्याचं धनुष्य नव्या दोरीची वाट बघत लटकलं होतं.

"मागच्या वेळी दस्ता वाकवला तेव्हा बरोबर लागत होती म्हणालास," छिन्नी म्हणाला.

"आठवडाभर. मग पुन्हा पळाली."

"लाकूड असं पळत नाही, दादा."

"मग काय मी पळतोय?"

वहिनी दाराशी स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "पळाला असता तर मी कशाला अडवलं असतं?" दादा हसला. वहिनी हसली नाही.

दादाचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. नजरेच्या मधोमध काळा डाग बसला आणि पसरला. उजव्या खांद्याला बंदूक लावून उडत्या मातीच्या चकत्या फोडण्यात त्याची हयात गेली होती. डावा खांदा त्याला जमेना. तेव्हा छिन्नीने अक्रोडाचा वेगळाच दस्ता घडवला. खांदा उजवा आणि डोळा डावा, म्हणून गालाशी बाक देऊन नळी डाव्या डोळ्यासमोर आणलेला. दादा पुन्हा क्लबात जाऊ लागला. आता रविवारी क्लबाची वार्षिक परीक्षा होती. मैदानावरच्या अधिकाऱ्यासमोर चकत्या फोडून दाखवायच्या. नापास झालेल्याला पुन्हा मैदानावर पाय ठेवता येत नसे.

डावा डोळाही त्याच वाटेने जाऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. "अजून तरी ठणठणीत आहे," असं दादा सांगायचा.

छिन्नी प्रत्येक गिऱ्हाइकाला समोर उभं करायचा. बंदूक उघडून रिकामी असल्याचं दोघांनी पाहायचं, मग गिऱ्हाइकाने ती छिन्नीच्या डोळ्यावर रोखायची. नळीच्या तोंडाकडून बघितलं की नेमबाजाचं बुबुळ कुठे आहे ते कळतं, आणि दस्ता तिथून ठरतो. दादाच्या पहिल्या मापाला त्याने हे केलं होतं. नंतर नाही. घरच्या माणसाचा चेहरा काय बघायचा? दादा सांगेल तेवढं तो लाकडावर गरम तेल सोडून ते वाकवत गेला.

आज त्याने बंदूक शिकंज्यातून काढली, उघडली, दोन्ही नळ्यांतून उजेड बघितला, दादाच्या बोटांना रिकाम्या नळ्या चाचपायला लावल्या.

"समोर उभा राहतो. रोख माझ्यावर."

"लहानपणची हौस फेडून घेऊ का?"

"घे फेडून."

दादाने बंदूक उचलली. उचलणं अजून तेच होतं, न शोधता खांद्यात बसणारं. छिन्नी वाकून नळीच्या रेषेत आला.

बुबुळ नळीवर नव्हतं. चांगलं बोटभर बाहेर होतं, आणि तिथूनही त्याच्याकडे वळलेलं नव्हतं. शेजारच्या कपाटाकडे बघत होतं.

"कुठे धरली आहेस?"

"तुझ्या डोळ्यात. अगदी मधोमध."

छिन्नीने हात पुढे केला आणि नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा पितळी मणी अंगठ्याखाली पूर्ण झाकला.

"मणी दिसतोय?"

"दिसतोय की. न दिसायला काय झालं?"

वहिनीला अंगठा दिसत होता. तिने तोंडाला पदर लावला आणि खाली बघितलं.

छिन्नीने अंगठा काढला नाही. त्याला सगळा हिशेब उलटा लागत गेला. डाव्या डोळ्याचाही मधला भाग गेला म्हणून दादा नजरेच्या कडेने बघत होता. डाग वाढेल तसा आणखी कडेने. आणि प्रत्येक वेळी छिन्नीने दस्ता तेवढाच आणखी वाकवला होता. महिनोन्‌महिने तो लाकूड आंधळेपणाच्या मापाने घडवत होता.

"दादा, माझा अंगठा आहे मण्यावर."

बंदूक जराही हलली नाही. मग हळूहळू खाली आली.

"कधीपासून?" छिन्नीने विचारलं.

"थंडी संपता संपता." दादाने बंदूक मांडीवर उघडून ठेवली. "डॉक्टरांनी सांगितलंय, उपाय नाही. तू थोडा आणखी वाकव. रविवारपुरता."

"पुढच्या जागेवर कोण उभा असेल, दिसेल तुला?"

"आवाज येतो ना."

"आवाजावर बंदूक चालवणार?"

"छिन्नी, तू सुतार आहेस. सांगितलं तेवढं कर."

"नाही करत. आणि देतही नाही."

दादा उठला. आता भांडेल असं वाटलं, आणि छिन्नीला ते हवंही होतं. पण दादाने फक्त हात पुढे केला, दस्ता शोधला, त्याच्या बाकावरून एकदा तळवा फिरवला आणि बंदूक भावाकडे दिली. देताना ती छिन्नीच्या हाताच्या बाजूला पुढे केली होती. छिन्नीने सरकून घेतली.

"मला ठाऊक होतं रे," वहिनी दादाला म्हणाली. "पेल्याच्या बाहेर पाणी ओतत होतास. म्हटलं, तू सांगशील."

"काय सांगायचं? तू काय नवा डोळा आणणार होतीस?"

"चल घरी."

"घरी जाऊन काय करायचं?"

वहिनीने त्याची टोपी त्याच्या हातात दिली. दारापाशी तो थांबला.

"देऊन टाक कुणाला तरी. नवीन शिकणाऱ्या पोराला वगैरे. चांगली बंदूक आहे."

"बघतो," छिन्नी म्हणाला.

ते गेल्यावर त्याने बंदूक स्वतःच्या खांद्याला लावून पाहिली. नळी कपाटाच्या पल्याड, भिंतीकडे गेली. दस्ता परत सरळ करण्याइतका जीव त्या लाकडात उरला नव्हता. पुन्हा तापवला असता तर मानेशी चिरला असता. ज्याच्यासाठी घडवला त्यालाही तो आता बसणार नव्हता. छिन्नीने दिवा घालवला नाही, कामही केलं नाही. नुसता बसून राहिला.