ओल सांगणारा केस

माझ्या पोटात एका मुलीचे केस आहेत. दचकू नका, मित्रांनो. ती मुलगी कोण होती, हे मलाही ठाऊक नाही. केस मात्र पिवळसर, बारीक आणि फार गुणी आहेत. हवेत ओल वाढली की ते लांबतात, हवा कोरडी झाली की आखडतात. त्यांच्या टोकाला तरफ, तरफेला काटा आणि काट्यामागे शून्य ते शंभर आकडे. असा मी एक जुना आर्द्रतामापक आहे, बशीएवढा गोल आणि पितळी.

माझी उमेदीची वर्षे उरुग्वेतल्या एका लोकरीच्या वखारीत गेली. लोकर हवेतली ओल पिऊन जड होते, म्हणून वजन करण्याआधी सगळे माझ्याकडे बघत. घेणारा आणि विकणारा भांडू लागले की वखारीचा तपासनीस आन्सेल्मो म्हणे, "केसाला विचारा. त्याला कुणाकडून काही घ्यायचं नाही." ते ऐकून मी सुखावत असे. पुढे वखार बंद पडली. आन्सेल्मोने मला घरी आणले आणि कपाटावर ठेवले. तिथे मी कितीतरी वर्षे धूळ खात पडलो.

मला पुन्हा भिंत मिळाली ती त्याच्या बायकोमुळे, नेलिदामुळे. तिने जन्मभर गिरणीत कापड रफू केले होते. आता संधिवाताने तिची बोटे आखडली होती, सुई धरवत नव्हती. उरुग्वेत रीतसर नाव नोंदवून घरी गांजाची सहा झाडे लावता येतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने नेलिदा त्या फुलांच्या तेलाचे थेंब घेई आणि तिला थोडा आराम पडे. पण आदल्या वर्षी फुले भरत आली आणि करड्या बुरशीने आतून कुजली. तो सगळा हिवाळा तिने हात काखेत धरून काढला.

म्हणून या वर्षी आन्सेल्मोने झाडे मागच्या खोलीत घेतली. शेवटच्या आठवड्यांत ही फुले मुठीसारखी घट्ट होतात. आत अडकलेली ओल निघत नाही आणि तिथेच बुरशी रुजते. त्याने हवेतले पाणी ओढणारे यंत्र आणले, पंखा लावला, खालची दाट पाने काढली. पाणी तो फक्त सकाळी घाली. माझ्या काचेवर त्याने पंचेचाळीसपाशी पेन्सिलीने खूण केली. काटा तिथेच राहायला हवा होता.

एप्रिलमध्ये, म्हणजे तिकडच्या पानगळीत, नदीकडून ओला वारा सुटला. घरोघर भिंतींना पाणी सुटले. सगळ्या घरात कोरडी अशी खोली एकच, माझी! मग काय, वाळत घालायचे कपडे तिथे आले, गिटार आली, बिस्किटांचा डबा आणि मिठाची कुपीही आली. पाठोपाठ शेजारची वॉल्किरिया येर्बाचा, म्हणजे तिकडच्या कडवट पानांच्या चहाचा पेला आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन हजर झाली. "माझ्या घरात आता मासेच पाळायचे बाकी आहेत," ती म्हणाली. आन्सेल्मोने माझ्याकडे पाहिले. काटा खुणेवर होता. "ये, बस," तो म्हणाला. "केसाची हरकत नाही."

मित्रांनो, केसाची हरकत असायला हवी होती. कपाटावरची धूळ माझ्या केसांवर तशीच होती, त्यात फुलांचा चिकट अंश बसला. मळलेले केस पुरेसे लांबत नव्हते. मला वाटे, मी खरेच सांगतो आहे. स्वतःचा मळ स्वतःला कुठे दिसतो?

एके दुपारी नेलिदा उकडलेल्या अंड्यावर मीठ घालायला गेली. कुपीतून काही पडेना.

"आन्सेल्मो, मिठाचा गोळा झालाय."

"जुनं असेल."

"मीठ परवाचं आहे. जुना आहे तो तुझा केस."

वॉल्किरिया पेला खाली ठेवत म्हणाली, "जन्मभर साऱ्या गावाची लोकर तपासलीस, बाबा. याला कोण तपासतं?"

आन्सेल्मो उठला. त्याने मला भिंतीवरून काढले. एका झाकणात ओले मीठ घेतले आणि ते माझ्यासोबत डब्यात ठेवून डबा घट्ट बंद केला. ओल्या मिठावरची कोंडलेली हवा नेहमी पंचाहत्तरलाच स्थिरावते. वखारीत तो दरवर्षी माझी अशी परीक्षा घेई. सकाळी डबा उघडला. मी साठ सांगत होतो, पंधराने कमी.

त्याचा चेहरा उतरला. मग मऊ कुंचला शुद्ध पाण्यात बुडवून त्याने माझे केस हळूहळू धुतले आणि मला पुन्हा डब्यात बसवले. या वेळी मी पंचाहत्तर सांगितले. भिंतीवर परत गेल्यावर खोलीची खरी ओलही सांगितली: साठ.

तासाभरात कपडे बाहेर, थर्मास बाहेर.

"मी काय ओला कपडा आहे?" वॉल्किरियाने विचारले.

"तुझा श्वास दमट आहे, आणि गप्पा त्याहून."

ती हसत हसत खुर्ची उचलून ओसरीत गेली. आन्सेल्मोने एकेक फूल बोटांनी उकलून पाहिले. एका फांदीत करडी बुरशी निघाली. त्याने ती कापून टाकली. बाकीची झाडे वाचली. माझा काटा हळूहळू खुणेवर आला, आणि या वेळी खरेपणाने आला.

हिवाळ्यात, त्या फुलांच्या तेलाचे थेंब पुन्हा सुरू झाल्यावर, एकदा नेलिदा खिडकीपाशी बसली आणि सुईत दोरा ओवू लागली. दोनदा चुकली, मग ओवला. टाके पूर्वीसारखे बारीक नव्हते. पण तिने पहिली वस्तू शिवली ती माझ्यासाठी: पाठीमागच्या भोकांवर बांधायला पातळ मलमलीचा तुकडा, हवा आत यावी आणि धूळ येऊ नये म्हणून.

मित्रांनो, तुमच्याही घरात खरे सांगणारे कुणीतरी जुने असेल. त्याच्यावर जरूर विश्वास ठेवा. पण वर्षातून एकदा त्याला मिठासोबत डब्यात बसवा, आणि चुकलेच तर फेकू नका. त्याचे केस धुवा. माझी मलमल सैल झाली की नेलिदा अजून स्वतःच्या हाताने ती घट्ट बांधते.