उकळत्या पाण्याचा वाफा

"सूनबाई, ही बुरशी माझ्या शेतात कशाला आणलीस?" मी कमरेवर हात ठेवून विचारले.

थोरली सून लिंबाच्या रोपांसाठी वाफा तयार करत होती. माहेरच्या बागेतल्या म्हाताऱ्या लिंबाच्या बुडाची टोपलीभर माती तिने त्यात कालवली होती. त्या मातीत केसाहून बारीक, पांढरे धागे होते.

"आई, ही चांगली बुरशी. मुळं पोचत नाहीत तिथून पाणी नि कस ओढून आणते. मुळांचे हातच म्हणा ना."

"आज हात फुटले, उद्या पाय फुटतील. मग तुझी रोपं आपली आपण चालत शेतात जातील!"

"हसा, हसा. बाबांची अख्खी बाग याच मातीवर उभी आहे."

दुसऱ्याच दिवशी तिचे वडील अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. बी माझ्या हाती सोपवून ती तडक निघाली.

पन्नास वर्षे या घरातली दुधाची भांडी मी उकळत्या पाण्याने धुतली. एकदाही दूध नासले नाही. जे भांड्याला तेच मातीला, असे मी ठरवले. चार हंडे पाणी तापवायला सांगितले.

"वहिनींना विचारलं असतं तर..." गडी चाचरला.

"शेत कोणाचं रे?"

त्याने चारही हंडे तापवून वाफ्यावर ओतले. माती निवल्यावर मी स्वतः बी टोकले.

वडिलांचे सगळे करून सून अडीच महिन्यांनी परतली. रोपे जेमतेम बोटभर होती. पिवळी, जागच्या जागी थिजलेली. तिने एक उपटून पाहिले. मुळे उघडीबोडकी, पांढरा धागा एकही नाही.

"काय घातलंत, आई?"

"उकळतं पाणी. घाण मारली."

ती वाफ्याच्या कडेला मटकन बसली. "बाबा गेले त्याच आठवड्यात भावांनी बाग तोडली. बुंधे उपटले, जमीन नांगरली. बाबांचं म्हणून एवढंच उरलं होतं."

मी आयुष्यात कोणाची माफी मागितलेली नाही. मग दुपारभर बांधावरच्या झाडांखाली खुरप्याने उकरत राहिले. अखेर एका झुडपाखाली पांढरे धागे दिसले. माती पदरात भरून, गुडघे सावरत मी तिच्यापाशी आले.

"हे घे. कालव."

तिने चिमूटभर उचलून उजेडात धरली. "ही गवताची मुळं आहेत, आई."

"नीट बघ."

"बघितलं."

तिने माझ्या पदरातली माती हलकेच खाली ओतली, आणि माझी बोटे हातात घेऊन, नखांत अडकलेला चिखल आपल्या पदराने पुसू लागली. ती भांडली असती, तर माझ्यापाशी उत्तर होते.