डावा खांदा

चष्मेवाला शिंपी आमच्या शिंप्याच्या दुकानात शिरला तोच कपाळाला हात लावून. "बाबा रे, या कोटानं माझा जीव खाल्लाय. कितीदा उसवला! डावा खांदा बसेल तर शप्पथ!"

दोघांनी एकाच उस्तादाच्या हाताखाली छड्या खाल्लेल्या. अडलेलं काम एकमेकांकडे न्यायचं, ही तेव्हापासूनची रीत. "तूच वाकडा बसून शिवला असशील," म्हणत आमच्या शिंप्यानं हसत कोट हातात घेतला. कच्च्या टाक्यांवरचा, लग्नाचा कोट. खडूच्या खुणांवरून बोटं फिरली आणि त्याचं हसू जागच्या जागी विझलं. डावा खांदा दोन बोटं खाली, मानेमागे तिरपी चुणी. हे अंग त्याला पाठ होतं. वर्षानुवर्षं जमीनमोजणीची तिकाटणी वाहून उतरलेला खांदा! अस्तराआड डाव्या बाजूला तो एक जास्तीचं पॅड घालायचा आणि जगाला पत्ताही लागायचा नाही.

"कोणाचा रे?"

"सर्व्हेयर आहे कोणी. आईला घेऊन आला होता. येत्या रविवारी बार उडतोय."

रविवारी मोजणीसाठी बाहेरगावी जायचंय, असं सर्व्हेयर घरी सांगून बसला होता. कोटासाठी त्यानं गावाच्या दुसऱ्या टोकाचं, आपल्याला कुणी ओळखत नाही असं दुकान गाठलं, पण इतकी वर्षं शिंप्याबरोबर राहून शिंप्यांची रीत काही त्याच्या डोक्यात शिरली नाही.

"ठेवून जा," शिंपी कसाबसा म्हणाला. "सकाळी ये."

हा सर्व्हेयर शिंप्याचा नवरा. गावाबाहेर नदी, नदीवर पूल, पुलाच्या मधोमध दोन प्रांतांची हद्द. पलीकडे दोन पुरुषांचं लग्न रीतसर लागतं. अलीकडे त्या लग्नाला कुणी हिंग लावून विचारत नाही. पलीकडे लग्न लावून परतताना सर्व्हेयर पुलावर थांबला आणि म्हणाला, "इथवर तुझा नवरा. इथून पुढे तुझा भाडेकरू!" दोघं पोट धरून हसले. सर्व्हेयरची आईसुद्धा हसली. शिंप्याच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "मला आता दोन मुलगे." आणि या वेड्याला सगळं खरं वाटलं, फक्त भाडेकरू तेवढा थट्टेतला वाटला.

संध्याकाळी सर्व्हेयर आला. बूट काढता काढता त्याला टेबलावरचा कोट दिसला आणि तो एका पायात बूट घेऊन तसाच उभा राहिला.

"घाल," शिंपी म्हणाला.

"ऐक ना, आई हात धुऊन मागे लागली होती..."

"आधी घाल."

दुपारभर बसून शिंप्यानं तो खांदा बसवला होता. का बसवला, देव जाणे. कोट चापूनचोपून बसला. आरशापुढे सर्व्हेयरनं नकळत कॉलर सारखी केली. "मस्त झालाय," तो बोलून गेला. शिंप्यानं गळ्यातली टेप काढून ठेवली.

"त्या मुलीला सांगितलंस?"

"काय सांगायचं? इथल्या कायद्यानं मी अविवाहित आहे. वकिलाला विचारलंय मी."

"वकिलाला विचारलंस. मला नाही विचारलंस."

"तूही मोकळाच आहेस रे."

"मोकळा? पुलापलीकडे मी अजून तुझा नवरा आहे! तिथे मोडायचं तर आधी वर्षभर तिथे राहा म्हणतात. इथे म्हणतात, मोडायला आहेच काय? मग मी कुठे जाऊन मोकळा होऊ? हद्दी तू मोजतोस ना, सांग!"

सर्व्हेयरनं मान खाली घातली. "नीट बघितलं तर इथे आपलं काही नव्हतंच."

शिंप्याला रडू फुटलं. लाज वाटली, तरी थांबेना. रडत रडतच त्यानं कात्री घेतली, कोट त्याच्या अंगावर असतानाच अस्तर उसवलं आणि डावं पॅड ओढून काढलं. खांदा खाली आला. मानेमागे चुणी पडली. किती वर्षांनी सर्व्हेयर आरशात स्वतःचा खांदा बघत होता.

"हे काय केलंस?"

"काही नव्हतंच ना? मग हेही नव्हतं. कोट काढ. कपाटातले बाकीचेही आण."

सकाळी चष्मेवाला आला. दुकानामागच्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

"बसला का रे खांदा?"

"नाही. मला नाही जमत."

"तुला?" चष्मेवाल्याचं लक्ष टेबलावर गेलं. पॅडांचा ढीग होता, वापरून वापरून चपटी झालेली. त्यानं दोन-चार उलटून पाहिली. "ही सगळी डावीच? उजवी कुठायत?"

"उजवी कधी लागलीच नाहीत," शिंपी म्हणाला.

चष्मेवाल्यानं चष्मा काढला. कितीतरी वेळ तो काचा पुसत राहिला. मग कोट तिथेच ठेवून त्याच्या शेजारी बसला.