नजर हलते त्यांची यादी

सोमवारी सकाळी चतुराबाई पॅकहाऊसमध्ये आल्या तेव्हा हात धुण्याच्या नळावर एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर पाच नावं होती. पहिलं त्यांचंच. या महिलांनी आजपासून द्राक्षनिवडीच्या टेबलावर बसू नये, मागच्या शेडमध्ये खोकी घडवायला जावं, असं खाली लिहिलं होतं. पाचही जणींत सारखं असं एकच होतं. पाचही जणींना लांबचं बघायचा चष्मा होता.

आडगावच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या त्या पॅकहाऊसमध्ये चतुराबाईंचा हा अकरावा हंगाम. म्हसरूळहून निघायच्या आधी त्यांची पूजा, पोथीचा एक अध्याय आणि तुळशीचं पाणी झालेलं असे. आवाज इतका मऊ की पंख्यांच्या घरघरीत त्यांचं बोलणं ऐकायला बाया कान पुढे करत. कामाची त्यांची एक रीत होती. चष्मा कपाळावर सरकवायचा, घड तोंडापासून वीतभर अंतरावर धरायचा आणि देठापासून खाली एकेका मण्याला देवाचं एक नाव घेत नजर चालवायची. नाव संपलं की नजर पुढच्या मण्यावर. तडकलेला मणी आला की कात्री चाले, नाव मात्र थांबत नसे. त्यामुळे मणी सुटायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मालाबद्दल अकरा वर्षांत एक शब्द आला नव्हता.

आणि आता खोकी.

हे कुठून आलं ते त्यांना लगेच कळलं. मागच्या आठवड्यात स्नेहा नावाची मुलगी आली होती. शहरातल्या कॉलेजात डोळे तपासायचं शिकत होती. तिला दहा चष्मेवाल्या आणि दहा बिनचष्म्याच्या बाया अभ्यासासाठी हव्या होत्या, पण इथे चष्मेवाल्या निघाल्या पाचच. हनुवटी यंत्रावर टेकवायची आणि अर्धा मिनिट हिरव्या ठिपक्याकडे बघत राहायचं. मग बारीक बारीक खुणांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते सांगायचं. स्नेहानं समजावून सांगितलं होतं की आपण कितीही टक लावली तरी डोळा कधीच स्थिर नसतो. तो आपल्याला न कळता बारीक थरथरत, सरकत असतो आणि त्या हलण्यामुळेच तर बारीकसारीक टिपता येतं. डोळा खरोखरच दगडासारखा थांबला तर समोरचं हळूहळू पुसट होत जाईल. चतुराबाईंना ते फार आवडलं होतं.

घोटाळा झाला तो त्यांच्या पाळीला. ठिपका गोल, हिरवा, अगदी मण्यासारखा. बसल्या बसल्या मनात नाव सुरू झालं आणि नावाबरोबर नजर सवयीनं पुढच्या मण्याकडे निघाली. पुढे मणी नव्हताच. स्नेहा हसून म्हणाली, "मावशी, तुमची नजर ठिपक्याला प्रदक्षिणा घालतेय की हो." मागे मॅनेजर सोमनाथ उभा होता. तोही हसला. स्नेहानं त्यांची पाळी पुन्हा घेतली, ती नीट झाली. पण सोमनाथ तोवर निघून गेला होता.

परवानगीच्या बदल्यात त्यानं स्नेहाकडून निष्कर्षाचा एक कागद मागून घेतला होता. त्यात एक ओळ होती, की चष्मा असलेल्यांची नजर एका जागी ठेवताना किंचित जास्त सरकते. नेमकी त्याच आठवड्यात परदेशातून तक्रार आली, की एका कंटेनरमध्ये तडकलेले मणी निघाले. वरच्यांनी कारण विचारलं आणि सोमनाथला कारण हातातच सापडलं.

चतुराबाई त्याच्या केबिनमध्ये गेल्या. तो मुलाच्या वयाचा. म्हणाला, मावशी, मनावर घेऊ नका, हे काही मी ठरवलेलं नाही, शास्त्र आहे. त्यांनी त्याच्यासमोरच स्नेहाला फोन लावायला लावला. पोरगी तिकडून कळवळून सांगत होती की तो फरक केसाएवढा आहे, त्यावरून कुणाला कामावरून हलवायचं नसतं, आणि हे काम तर वीतभर अंतरावरचं, लांबचा चष्मा असलेल्यांना जवळचं उलट छान दिसतं. सोमनाथनं ऐकून घेतलं आणि म्हणाला की अहवाल वर गेलाय.

चतुराबाईंना राग आला, आवाज मात्र तेवढाच मऊ राहिला.

"ठिपका निवडायचा पगार देता का तुम्ही मला, सोमनाथभाऊ? द्राक्षं निवडायचा देता. मग परीक्षा द्राक्षावर घ्या."

बाहेर बाया जमल्या होत्या. नाही म्हणणं त्याला जड गेलं. त्यानं दहा घड आणवले, आत जाऊन त्यातले खराब मणी स्वतः मोजून ठेवले. बारा. आणि तुलनेला म्हणून त्यानं लताबाईंना बोलावलं. लताबाईंना चष्मा कधीच लागला नव्हता. हायवेवरून जाणाऱ्या बसची पाटी त्या दारातून वाचून दाखवत, आणि चतुराबाईंना "आमची आंधळी" म्हणून चिडवत. दोघींचं टेबल एक, डबा एक.

चतुराबाईंनी चष्मा वर केला आणि देठापासून सुरुवात केली. तेरा मणी काढून ठेवले. तेरावा बघून सोमनाथनं तो बोटात फिरवला. देठाशी सुईच्या टोकाएवढी चीर होती.

मग लताबाई. त्यांनी घड हात लांब करून धरला, मान मागे नेली. एक मणी, दोन मणी. डोळे बारीक केले. सात निघाले.

चतुराबाईंना हे आधीपासून माहीत होतं. गेली दोन वर्षं लताबाईंचा हात लांब लांब जात होता. चाळिशी उलटून सहा वर्षं झाली होती. त्यांनी द्राक्षं भरलेल्या डब्या चतुराबाई गुपचूप स्वतःकडे ओढून पुन्हा बघत. मागच्या महिन्यात चार दिवस त्या व्रताच्या उद्यापनाला घरी राहिल्या होत्या, आणि तक्रारीचा कंटेनर त्याच चार दिवसांत भरलेला होता. हे त्यांना आता, या क्षणी कळलं.

सोमनाथनं खिशातून पेन काढलं. नळावरच्या कागदावर चतुराबाईंचं नाव खोडलं आणि तिथेच, खोडलेल्या नावाच्या वर लिहिलं, लताबाई. बाकीची चार नावं तशीच राहिली. "झालं? आता तर खूश ना मावशी?" तो म्हणाला.

चतुराबाईंनी कागदावर तळवा ठेवला.

"मी माझं नाव खोडायला नव्हते आले," त्या म्हणाल्या. "सकाळी चष्मा होता म्हणून काढलं, आता चष्मा नाही म्हणून काढता. माणसाचा डोळा म्हणजे काय तुमचं खोकं हाय का, या बाजूनं नाय तर त्या बाजूनं घडी घालायला? लताबाईला जवळचा चष्मा लागलाय, एवढंच झालंय. वयानं लागतो. तुम्हालाही लागेल. या बायांनी डोळ्यांत तेल घालून तुमचा माल साता समुद्रापार पाठवला, अन् एकदा तरी विचारलं का की बायांनो, दिसतंय ना नीट? ठिपका दाखवायला यंत्र आलं तेव्हा हसायला मात्र उभे होतात."

इतकं सलग त्या कधी बोलल्या नव्हत्या. "हा कागद तुम्ही लावला, तुम्हीच काढा. तोवर मी टेबलाला बसायची नाय."

शेजारच्या टेबलावरच्या तेजलनं कात्री खाली ठेवली. तिचंही नाव यादीत होतं, तिला तसंही टेबलावर बसता येणार नव्हतं. पण तिच्यानंतर ज्यांची नावं नव्हती त्यांनीही ठेवल्या. बाहेर निफाडहून आलेली गाडी मालासकट उन्हात उभी होती, आणि द्राक्ष कुणासाठी थांबत नाही हे सोमनाथला चतुराबाईंपेक्षा जास्त ठाऊक होतं. मग त्यानं कागद ओढला. फाटून निम्मा नळालाच राहिला. चाळिशीपुढच्या सगळ्यांची जवळची नजर तपासून घेतो, चष्मे कंपनीकडून, असं तो कुणाकडेही न बघता म्हणाला. चतुराबाईंनी उरलेला निम्मा ओल्या बोटांनी खरवडून काढला, मगच कात्री उचलली.

लताबाई शेजारी येऊन बसल्या. घड उचलला, लांब धरला, पुन्हा खाली ठेवला.

"दोन वर्षं माहीत होतं तुला," त्या म्हणाल्या.

"होतं."

"मग माझ्या तोंडावर का नाय सांगितलंस? सगळ्यांपुढं सात मणी काढायला लावलेस."

आपण दया केली असं चतुराबाई इतके दिवस समजत होत्या. सोमनाथवरचा राग अजून अंगात होता, पण त्याचं टोक आता आपल्याकडेच वळलंय असं त्यांना वाटलं. त्यांनी लताबाईंची डबी ओढली नाही. नुसतं म्हणाल्या, "रविवारी चष्म्याला जाऊ. मी येते."

"मला जाता येतं," लताबाई म्हणाल्या. "लांबचं दिसतंय मला."

त्या दिवशी दोघींनी डबे वेगवेगळे खाल्ले.