भरवशाची बंदूक

एडविन ओरसाकने लिऑनचं पत्र काळ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, मग बाहेर काढलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभ्याउभ्याच पुन्हा एकदा वाचलं. पत्र ऑक्टोबरच्या सहा तारखेचं होतं. आज जानेवारीची एकोणीस. मधल्या पंधरा आठवड्यांत त्याने उत्तर धाडलं नव्हतं, आणि आता दहा वाजता लिऑन व्रानाला पुरायचं होतं.

पत्र डाव्या हाताने लिहिलेलं होतं. अक्षरं एकमेकांना धरून कशीबशी उभी होती.

‘एडविन, रानडुकरांनी जीव नकोसा केलाय. माझी जुनी बंदूक तुला ठाऊक आहे. दर गोळीला बोल्ट हाताने ओढावा लागतो, आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात माझं ऐकत नाही. पुढची गोळी आपोआप भरणारी हवी, सेमी-ऑटोमॅटिक. भरवशाची. किती पैसे घालावेत? सगळं सांगत बसू नकोस. फक्त आकडा कळव. लिऑन.’

दोघांच्या घरांत सहा मैलांचं अंतर. पण फोनवर एडविनची जीभ अडखळते, हे लिऑनला शाळेपासून माहीत होतं. म्हणून पत्र.

प्रश्न मात्र योग्य माणसालाच विचारला होता. एडविनने वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात एकतीस वर्षं बंदुकांचं काउंटर सांभाळलं होतं. दुकान बंद पडल्यावर तो गावच्या ग्रंथालयात लागला, आणि खरं तर दोन्ही ठिकाणी त्याने एकच काम केलं: वाचलं. कोणती रायफल कोणत्या साली निघाली, कोणत्या रायफलची स्प्रिंग लवकर थकते, हे त्याला तोंडपाठ होतं. स्वतः त्याने आयुष्यात एकच हरीण मारलं होतं, पंधराव्या वर्षी, आणि नंतर ट्रकच्या मागे जाऊन रडला होता. हे फक्त लिऑनने पाहिलं होतं, आणि त्याने ते कधी कुणाला सांगितलं नाही.

एकोणनव्वद साली एडविनने मेथड कुबेनाला एक स्वस्तातली रायफल विकली. दुसऱ्याच गोळीला ती अडकली. शनिवारी दुकान भरलेलं असताना कुबेनाने ती काउंटरवर आडवी ठेवली आणि शांतपणे म्हणाला, “पुस्तकात अडकत नसेल ती, एडविन.” सगळे हसले. त्या दिवसापासून एडविनने कुणालाही सरळ आकडा सांगितला नव्हता.

लिऑनचं पत्र आलं त्या संध्याकाळी त्याने पाच ओळींचं उत्तर लिहिलं होतं. सकाळी वाचलं तर त्यात मॅगझिनचा उल्लेख राहिला होता. गोळ्या जिच्यात भरतात ती पेटीच हलकी असेल तर महागडी रायफलही अडकते, हे सांगायला नको का? ते घातलं. मग दमट हवेत कोणत्या गोळ्या चांगल्या, ते आलं. मग दुर्बीण वेगळी घ्यावी लागेल, तिचे पैसे. नोव्हेंबरअखेर उत्तर अकरा पानांचं झालं होतं आणि त्यात एक तक्ताही होता. रविवारी चर्चबाहेर लिऑन भेटला, तेव्हा काठीवर रेलून एवढंच म्हणाला, “टपालखातं फार हळू चालतं रे हल्ली.” एडविनने मान डोलावली आणि आपल्या बुटांकडे पाहिलं. डिसेंबरात त्याने अकरा पानं बाजूला ठेवून नव्याने सुरुवात केली. गेल्या बुधवारी लिऑन जेवणानंतर खुर्चीत बसला, तो उठलाच नाही.

दफनभूमीत एडविन दोन वर्षांत आला नव्हता. बायकोला, लिलियनला, तिथे ठेवलं त्या दिवशी तिच्या दगडावर शेजारीच त्याचंही नाव कोरलेलं त्याने पाहिलं होतं; जन्मसाल, मग एक आडवी रेघ, आणि पुढे कोरी जागा. ती कोरी जागा त्याला बघवेना. नोव्हेंबरात सगळी कुटुंबं आपापल्या कबरी साफ करायला जमत, तेव्हा तो गुडघ्यांचं निमित्त सांगून घरी राही. त्यांच्या झेक लोकांत दुसऱ्याच्या कबरीवरचं वाळलेलं पानही कुणी उचलत नसे. उचललं तर त्याचा अर्थ, या घरात आता माणूस उरला नाही. त्यामुळे लिलियनच्या कबरीवर गवत माजलं असणार, असं धरूनच तो खाली बघत फाटकातून आत शिरला.

आणि तिथेच थबकला.

अर्धी दफनभूमी नांगरल्यासारखी दिसत होती. हिरवळीचे गठ्ठे उलटे पडले होते, फुलदाण्या चिखलात रुतल्या होत्या, एक लहानसा दगड कुशीवर कलंडला होता. व्राना घराण्याच्या कबरी तर ओळखू येत नव्हत्या. लिऑनच्या आईवडिलांवरची माती हातभर खोल उकरलेली होती, आणि त्यांच्या पायथ्याशी लिऑनसाठी खणलेला नवा खड्डा त्या सगळ्या उकिरड्यात कसाबसा वेगळा दिसत होता.

फादरनी प्रार्थना सुरू केली. म्हाताऱ्यांनी झेक भाषेतलं जुनं गाणं धरलं, त्यातल्या निम्म्यांना आता शब्द येत नव्हते. एडविनने ओठ हलवले. मान वर केली तेव्हा त्याला ओकच्या झाडाखालचा लिलियनचा दगड दिसला.

त्याच्याभोवती गुरांच्या कुंपणाची जाड लोखंडी जाळी उभी होती. चारही बाजूंनी. कोपरे तारेने बांधलेले, तारेची टोकं वेडीवाकडी पिळलेली. आतलं गवत कापलेलं होतं. जाळीने दोन्ही जागा घेतल्या होत्या, लिलियनची आणि शेजारची मोकळी.

“जाळी वेळेवर लावून घेतलीस,” कानाशी कुणी तरी म्हणालं. मेथड कुबेना होता, आता अगदी वाळलेला, नाकात ऑक्सिजनची नळी. “लिऑन सांगत होता, एडविनने पैसे दिले, मी फक्त तार पिळली. आम्हाला मेल्यांना ही अक्कल सुचली नाही. माझ्या आईला उकरलं बघ डुकरांनी.”

एडविनने टोपी दुसऱ्या हातात घेतली.

“तुला चांगलं म्हणतोय मी,” कुबेना म्हणाला. “पन्नास वर्षांत पहिल्यांदा म्हणतोय, तर ऐकून तरी घे.”

जेवण चर्चच्या हॉलमध्ये होतं. शेवयांचं सूप, सॉसेज, बटाटे, आणि लांब टेबलावर जर्दाळूच्या नि खसखशीच्या कोलाचेंची, म्हणजे गोड सारणाच्या पावांची, ताटं. लिऑनची बायको ॲग्नेस कोपऱ्यात बसली होती. तिने शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

“बस. खाल्लंस का काही?”

“खातो.”

“म्हणजे नाही.” तिने आपल्या ताटातला एक कोलाचे त्याच्या पुढ्यात ठेवला. “खसखशीचाच आहे. लिलियन तुला दुसरा खाऊ द्यायची नाही.”

एडविनने तो हातात धरला.

“ॲग्नेस, जाळीचे पैसे मी दिले नव्हते.”

“मला काय सांगतोस? जाळीचे चार तुकडे मी धरले होते. कापले त्याने, डाव्या हाताने. अख्खा दिवस शिव्या देत होता.” ती थोडी हसली. “आमच्या गोठ्यामागे तेवढीच जाळी उरली होती. मी म्हटलं, निदान तुझ्या आईला तरी लाव. तर म्हणाला, आईला सात मुलं झाली, तिच्याकडे बघायला माणसं आहेत. एडविनच्या बायकोला एकटा एडविन.”

“मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तू झोपला असतास? आणि लोक काय म्हणाले असते? म्हणून तुझं नाव सांगितलं त्याने. तू पैसे दिलेस म्हटल्यावर कुणी तोंड उघडलं नाही.”

हॉलच्या दुसऱ्या टोकाला कुणी तरी खुर्च्या मिटत होतं. ॲग्नेसने हातरुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली.

“बाकीच्या कबरींसाठी मग रोज उन्हं उतरली की जाऊन बसायचा, बादली पालथी घालून. ती जुनी बंदूक घेऊन. एक गोळी मारायचा. बोल्ट ओढेपर्यंत सगळा कळप पसार. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.”

“पत्र मला मिळालं होतं,” एडविन म्हणाला. “मी लिहीत होतो.”

“माहीत आहे. तो म्हणायचा, एडविन लिहीत असेल.”

“दुसऱ्या कुणालाही विचारता आलं असतं त्याला. दुकानात विचारता आलं असतं.”

“मीही तेच म्हटलं. रोज टपालपेटी उघडून बघायचा, तेव्हा रोज म्हटलं.” ती त्याच्याकडे न पाहता बोलली. “तर म्हणाला, त्याची बायकोही तिथेच आहे, बंदूक त्याला निवडू दे.”

एडविनने कोलाचे ताटात ठेवला. बोटांना साखर लागली होती. ती पुसायला त्याला बराच वेळ लागला.

“आता मला काळजी निराळीच आहे,” ॲग्नेस म्हणाली. “माती मऊ आहे आज. डुकरांना नवी माती लगेच कळते.”

दुपारी अडीच वाजता तो गावातल्या बंदुकांच्या दुकानात शिरला. काउंटरवरची बर्निस ग्रंथालयात त्याच्याकडून मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं नेत असे; आता तिला नातवंडं होती.

“मिस्टर एडविन! पुन्हा बघायलाच आलात का?”

“घ्यायला आलोय.”

तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला. मग तीन रायफली काढून हिरव्या कापडावर ओळीने ठेवल्या. “ही साडेपाचशे डॉलर. ही आठशे पन्नास. ही सतराशे, हिच्यावर नुसता हात फिरवायलाही लोक येतात. पण तुम्हाला मी काय सांगणार?”

एडविनने मधली उचलली. बोल्ट मागे ओढून आत पाहिलं, सोडला. मॅगझिन बाहेर काढून अंगठ्याने दाबून बघितलं, स्प्रिंग घट्ट होती. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

“ही. दोन मॅगझिन जास्तीची दे.”

“पक्कं? विचार करायचा असेल तर बाजूला ठेवते, दर वेळसारखी.”

“नको.”

फॉर्म भरताना त्याने अक्षरं मोठी काढली. बर्निसने फोनवरून त्याच्या नावाची सरकारी तपासणी करून घेतली, गोळ्यांचे डबे मोजले, आणि विचारलं, “कशासाठी हवीय, विचारू का?”

“बसायचंय,” तो म्हणाला. “उन्हं उतरली की.”

टपाल कार्यालयाबाहेर ट्रकमध्ये बसून त्याने डॅशबोर्डच्या कप्प्यातून तपकिरी पाकीट काढलं. दफनाला निघताना अकरा पानं त्याने उगाचच बरोबर घेतली होती. सगळ्यात खाली पहिल्या संध्याकाळचा पाच ओळींचा कागद होता, ऑक्टोबरमधला. तो त्याने मांडीवर उलगडला. तिसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं: आठशे पन्नासच्या आसपास. त्याहून कमी नको, जास्तीची गरज नाही.

शेजारच्या सीटवर लांब खोकं पट्ट्याने बांधलं होतं.

मग त्याने त्याच कागदाखाली आजची तारीख घातली, तेवढाच पाकिटात ठेवला, वर लिऑनचं नाव आणि टपाल कार्यालयातल्या त्याच्या पेटीचा क्रमांक लिहिला, आणि आत गेला. खिडकीमागच्या डोलोरेसने नाव वाचलं, त्याच्या काळ्या कोटाकडे पाहिलं.

“मिस्टर एडविन, लिऑनच्या नावाने?”

“पेटी बंद केली का त्याची?”

“नाही. जूनपर्यंतचं भाडं भरलेलं आहे.”

“मग जाऊ दे.”

तिने तिकिटावर शिक्का मारला. पत्र भिंतीतल्या त्या छोट्या पितळी दाराआड ठेवायला ती वळली, आणि दार लागल्याचा आवाज येईपर्यंत एडविन टोपी हातात धरून उभा राहिला.