मालकाने स्वतः यावे

स्त्रिया, बालके आणि किशोरवयीन मुले यांच्या आरोग्यात केलेली गुंतवणूक कधीही वाया जात नाही. दारावरच्या पाटीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं हे सत्य कुलूपवालीने मान वर करून वाचलं. मग मान खाली करून दाराची मूठ ओढली. दार उघडलं नाही.

उघडणारच नव्हतं. कुलूप अव्वल होतं. तिच्याच टपरीवरचं होतं आणि तिनेच ते दारात बसवलं होतं: दार लोटलं की आपोआप लागणारं, बाहेरून किल्ली, आतून कडी. शाळा सुटल्यावर रात्री कुणी आत शिरू नये म्हणून असेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं. मुलींच्या स्वच्छतागृहात मुलींनीच शिरू नये म्हणून कुलूप लागतं, हे तिच्या डोक्यात यायचं काही कारण नव्हतं.

"बघ, म्हटलं होतं ना," शेजारी उभी असलेली लेक म्हणाली. तापातून उठलेली, चेहरा अजून पिवळट. "बांधून झाल्यापासून असंच आहे."

"चल माझ्याबरोबर."

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत टेबलावर झाकण ठेवलेला पाण्याचा पेला होता. काठोकाठ भरलेला. कुलूपवालीने बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण बसलं की ती नरम पडते हे तिला ठाऊक होतं.

"बाई, पोरीला पुन्हा लघवीला जळजळ, पुन्हा ताप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी भरपूर पाजा आणि तुंबवून ठेवू देऊ नका. पुढच्या वेळी दुखणं किडनीपर्यंत गेलं तर सरळ भरती करू म्हणाल्या. आणि ही घरून निघताना पाण्याचा घोट घेत नाही. का, तर शाळेत जायला जागा नाही. जागा आहे, बाई. मी आत्ताच झरोक्यातून बघून आले. फरशी नुसती चकाकतेय."

"चकाकणारच. अजून कुणी वापरलेली नाही."

"तेच तर विचारतेय!"

"हे बघा, ताई," मुख्याध्यापिकाबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "ज्या संस्थेने बांधून दिलं, त्या संस्थेच्या पाहुण्या उद्घाटनाला येणार आहेत. परदेशातून. फोटो निघतील. शाळेच्या अध्यक्षसाहेबांची सक्त ताकीद आहे, तोवर एक डागसुद्धा पडता कामा नये. पाहुण्यांची तारीख जरा पुढे जातेय इतकंच."

"तोवर पोरींनी काय करायचं?"

"सवय होते. आमच्या वेळी कुठे होती असली चैन? आम्ही शिकलोच ना? आणि आता तरी आम्हा शिक्षिकांना कुठे वेगळं आहे? जे आहे ते पुरुषांचं. आम्ही काही बोलतो का?"

कुलूपवालीने पेल्याकडे बघितलं, मग बाईंकडे.

"मग पाहुण्या येईपर्यंत एक किल्ली मुलींकडे द्या. मी बसवलंय कुलूप, मी जबाबदारी घेते."

"ते माझ्या हातात नाही. आणि परस्पर काही करू नका हं. तुमच्या धंद्यात तर असल्या गोष्टी फार जपतात म्हणे."

हे मात्र खरं होतं. कुलूपवालीच्या टपरीवर तिच्या वडिलांच्या हातची पाटी होती: मालकाने स्वतः यावे. निरोपावर किल्ली होत नसे. सुनेला सासूच्या कपाटाची मिळत नसे आणि नवऱ्याला बायकोच्या पेटीची तर नाहीच. एकदा एक फौजदार भाडेकरूच्या घराची किल्ली करून मागायला आला होता, तोही हात हलवत परत गेला. न विचारता एक किल्ली केली की बाजारातून नाव पुसलं जातं, असं वडील सांगायचे. टपरीत तेवढं नाव सोडलं तर विकण्यासारखं फारसं काही नव्हतं.

परत जाताना ती पुन्हा त्या दारापाशी थांबली. पाटी पुन्हा वाचली. सोनेरी सत्याच्या खाली, बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. ती तिने दोनदा वाचली.

"शाळेतील मुलींना अर्पण," ती मोठ्याने म्हणाली. "अर्पण म्हणजे काय गं?"

"देऊन टाकलं," लेक म्हणाली.

"कुणाला?"

"मुलींना."

"म्हणजे मालक कोण?"

लेकीने आईकडे बघितलं. तिच्या पिवळट चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळायला लागलं.

"आई, मला किल्ली हवीय."

"नीट बोल. मी कुणी ऐऱ्यागैऱ्याला देत नाही."

"मी या दाराची मालकीण आहे. मला किल्ली करून द्या."

"आता कसं!"

कुलूपवालीने पिशवीतून कोरी किल्ली काढली, कुलपात घातली, हिसका दिला, बाहेर काढून उजेडात धरली. जिथे बारीक खूण उठली होती तिथे कानस फिरवली. पुन्हा घातली, पुन्हा हिसका. व्हरांड्यातून शिपाई लगबगीने आला.

"ओ ताई, काय चाललंय?"

"कुलूप गॅरंटीत आहे," ती वरही न बघता म्हणाली. "तपासतेय."

गॅरंटी या शब्दापुढे शिपायाचं काही चाललं नाही. तो निघून गेला. थोड्या वेळाने कुलूप 'टक्' बोललं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर टपरीसमोर वेण्या घातलेल्या मालकांची रांग लागली. प्रत्येकीने स्वतः यायचं, स्वतः मागायचं, असा नियम होता. एकीने मैत्रिणीसाठीही मागितली, तिला मिळाली नाही. एकजण लाजून काही बोलेचना, तर मागून आवाज आला, "बोल ना गं, घर मागतेयस का त्यांचं?" कानस संध्याकाळपर्यंत थांबली नाही. पैशांचं विचारलं की कुलूपवाली म्हणायची, "राहू दे. गुंतवणूक आहे."

शाळेत मुली पाणी प्यायला लागल्या. आपल्या मागे फरशी पुसून ठेवायच्या, त्यामुळे चकाकी तशीच राहिली आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही. निदान तसं कुणी बोललं नाही.

पाहुण्या आल्या त्या दिवशी कुलूपवालीला मुद्दाम बोलावलं होतं, ऐनवेळी कुलूप अडलं तर असावी म्हणून. अध्यक्षांनी गुंतवणुकीवर भाषण केलं. ते इतकं लांबलं की प्रवासातून थेट आलेल्या पाहुण्या एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकू लागल्या. शेवटी मखमलीच्या उशीवरून किल्ली आली. पाहुण्यांनी ती फिरवली, दार ढकललं. दार हललं नाही.

"कुलूपवाली!" अध्यक्ष ओरडले.

"कुलूप उघडलंय, साहेब," ती पुढे होऊन म्हणाली. "आतून कडी आहे."

अध्यक्षांनी दारावर थाप मारली.

"आत कोण आहे?"

"मालक!" आतून आवाज आला. "थांबा जरा."

मागे मुलींच्या रांगेत कुणाचं तरी हसू फुटलं. अध्यक्षांनी वळून बघितलं, तर जिच्या गळ्यात बघावं तिच्या दोऱ्यात एक किल्ली. एकीनेही ती लपवली नाही. पाण्याचा आवाज झाला, कडी निघाली आणि कुलूपवालीची लेक ओले हात झटकत बाहेर आली. तिने पाहुण्यांसाठी दार धरून ठेवलं. पाहुण्या आभार मानून घाईघाईने आत गेल्या. फोटो बंद दाराचाच निघाला.

आठवड्याभराने मुख्याध्यापिकाबाई टपरीवर आल्या. आधी पाटी वाचली, मग इकडेतिकडे बघितलं.

"एक किल्ली हवी होती. त्या दाराची."

"कुणासाठी?"

"मालकाने स्वतः यावं लागतं ना?" बाई म्हणाल्या. "आलेय."

कुलूपवालीने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि कानस उचलली. किल्ली होईपर्यंत बाईंनी तांब्या रिकामा केला, तोंड पुसलं आणि आणखी थोडं पाणी मागितलं. किल्ली त्यांनी नीट पदराच्या टोकाला बांधली.

कुलूप त्याच दिवशी सकाळी, अध्यक्षांच्या काचेच्या कपाटात आठवण म्हणून ठेवायला, कुलूपवालीने बाईंच्या समोरच दारातून काढून दिलं होतं. दाराला आता फक्त आतली कडी होती.